नातवंडांची मोचिला : अर्जेंटिनाच्या लहान गावांतून एकट्याचा प्रवास

आपल्या घरांत मराठी आणि हिब्रू एकत्र नांदतात. त्यांच्या जोडीला आता एक स्पॅनिश शब्दही येऊन बसला आहे : मोचिला. मोचिला म्हणजे पाठीवरची पिशवी. हा शब्द हिब्रूने स्पॅनिशमधून उचलला आणि अशी पिशवी लावून देशोदेशी हिंडणाऱ्याचे नाव 'मुचिलेर' ठेवले. लष्करातली सेवा संपली की इथली मुले-मुली काही महिने मिळेल ते काम करतात, पैसे साठवतात आणि मोचिला उचलून दूर निघून जातात. कोणी भारतात जातात, कोणी थायलंडला, आणि पुष्कळ जण दक्षिण अमेरिकेला.

चार-पाच मित्र मिळून निघाले तर घरातल्या वडीलधाऱ्यांना फारसे काही वाटत नाही. पण नातू किंवा नात जेव्हा म्हणते, "आजी, मी एकटीच जाणार आहे, आणि मोठ्या शहरांत नाही, लहान लहान गावांतून," तेव्हा पोटात गोळा येतो. एकटीच का? त्या आडगावात आहे तरी काय? आणि काही झाले तर आम्हाला कसे कळणार? हे तीन प्रश्न बहुतेक घरांत पडतात. मुलांकडे उत्तरे असतात, पण ती निम्मी हिब्रूत आणि निम्मी फोनच्या पडद्यावर असतात. म्हणून या लेखात आम्ही एकच देश घेऊन, त्यातली खरी गावे घेऊन, हा प्रवास कसा चालतो ते क्रमाने सांगणार आहोत. देश आहे अर्जेंटिना.

एकटेच का?

दक्षिण अमेरिकेत इस्राएली तरुणांच्या ठरलेल्या वाटा आहेत. एका पिढीने दुसरीला सांगितलेली तीच शहरे, तीच स्वस्त वसतिगृहे, तिथे हिब्रूत लिहिलेल्या पाट्या आणि खायला हुमुस. मुले स्वतःच थट्टेने या वाटेला 'हुमुसची वाट' म्हणतात. तिथे सोबत मिळते, पण आपण घर सोडून आलो आहोत असे वाटतच नाही.

लष्करात दोन-तीन वर्षे काढलेले मूल त्या काळात कधी एकटे नसते. उठणे हुकमाने, जेवणे हुकमाने, झोपणे दहा जणांच्या खोलीत. त्यानंतर मिलुइमची बोलावणी येतात. गेल्या काही वर्षांत आपल्या कितीतरी नातवंडांनी जे पाहिले ते ती घरी बोलून दाखवत नाहीत. अशा मुलाला सकाळी किती वाजता उठायचे हे एकदा तरी स्वतः ठरवावेसे वाटते. आवाज नसलेल्या जागी बसावेसे वाटते. त्याला आपला कंटाळा आला आहे, असा याचा अर्थ वडीलधाऱ्यांनी काढू नये.

लहान गावच का, याचेही कारण साधे आहे. मोठ्या शहरात एकट्या माणसाकडे कोणी पाहत नाही. लहान गावात सगळे पाहतात. दुकानदारीण दुसऱ्या दिवशी ओळखते, तिसऱ्या दिवशी विचारते, "काल दिसली नाहीस?" ज्यांचे बालपण कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत गेले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

देश केवढा, गावे कुठली

अर्जेंटिनात इस्राएलसारखे शंभराहून जास्त देश सहज मावतील. राजधानी बुएनोस आइरेस पूर्वेला, समुद्राकडे तोंड करून आहे. आम्ही ज्या शांत गावांबद्दल सांगणार आहोत ती वायव्य टोकाला, बोलिव्हियाच्या सरहद्दीजवळ, अँडीज डोंगरांत आहेत. राजधानीपासून तिकडचे मोठे शहर साल्ता सुमारे १,५०० किलोमीटर. मुंबईहून दिल्ली गाठण्यासारखेच. बसने साधारण वीस तास लागतात.

वाटेत, थोडी वाकडी वाट करून, आपल्या वाचकांना विशेष वाटेल असे एक गाव लागते. सांता फे प्रांतातले मोइसेस विल, म्हणजे मोशेचे गाव. १८८९ च्या ऑगस्टमध्ये 'वेझर' नावाच्या जहाजाने रशियन साम्राज्यातल्या पोदोलियाहून सुमारे ८२० यहुदी बुएनोस आइरेसला उतरले. ज्या जमिनीच्या भरवशावर ते आले ती त्यांना मिळाली नाही. दुसरी जागा मिळाली तेव्हा ते पालासिओस नावाच्या आगगाडीच्या स्थानकाजवळ अन्नपाण्यावाचून अडकले, आणि साथीच्या रोगाने त्यांची कितीतरी लहान मुले तिथेच गेली. जे उरले त्यांनी गाव वसवले. पुढे १८९१ मध्ये बॅरन हिर्श यांनी यहुद्यांना शेतीवर बसवण्यासाठी संस्था काढली आणि अशा आणखी वसाहती उभ्या राहिल्या. घोड्यावर बसून गुरे वळणारे यहुदी तिथे तयार झाले. आल्बेर्तो गेर्चुनोफ या लेखकाचे बालपण याच भागात गेले. त्याने १९१० मध्ये या 'यहुदी गाउचों'वर, म्हणजे यहुदी गुराख्यांवर, पुस्तक लिहिले.

आज मोइसेस विल हे दोन-अडीच हजार वस्तीचे निवांत गाव आहे. यहुदी कुटुंबे थोडीच उरली आहेत, मुले शिकून शहरांत किंवा इस्राएलला गेली. पण जुनी सिनेगॉगे, नाटकगृह, लहानसे संग्रहालय आणि देशातली पहिली यहुदी दफनभूमी तिथे आहे. कोकणातल्या एखाद्या गावी जाऊन, किल्ली कोणाकडे आहे ते विचारून, आपले सिनेगॉग ज्यांनी उघडून घेतले आहे, त्यांना तिथे काय वाटत असेल याची कल्पना येईल.

तिथून पुढे साल्ता आणि हुहुई. या दोन शहरांनंतर डोंगरांची एक लांब घळ सुरू होते. तिचे नाव केब्रादा दे उमावाका. सुमारे १५५ किलोमीटर लांब, मधून रिओ ग्रांदे नदी, दोन्ही बाजूंना रंगीत डोंगर. माणसे या वाटेने दहा हजार वर्षे ये-जा करत आली आहेत, म्हणून २००३ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतले. या घळीत माळेतल्या मण्यांसारखी गावे आहेत.

पहिले पुर्मामार्का. गावाच्या मागेच सात रंगांचा डोंगर उभा आहे. निरनिराळ्या युगांत साठलेल्या मातीचे थर जमिनीच्या हालचालींनी आडवे-तिडवे वर आले. लोखंडामुळे काही थर लाल, तांब्यामुळे काही हिरवट, चुन्यामुळे काही पांढरे. सकाळचे ऊन पडले की रंग उठून दिसतात. पुढे तिल्कारा. इथे टेकडीवर, इंका राजांच्याही आधीच्या लोकांनी बांधलेली दगडी वस्ती आहे, तिला पुकारा म्हणतात. मग उमावाका. तिथे रोज दुपारी बारा वाजता नगरकचेरीच्या मनोऱ्यातून एका ख्रिस्ती संताची यंत्रावर चालणारी मूर्ती बाहेर येते, हात हलवते आणि आत जाते. चौकात पर्यटक जमतात, आणि गावातली म्हातारी माणसे घड्याळ लावून घेतात.

सगळ्यांत शांत गाव शेवटी येते, इरूया. उमावाकाहून बस निघते आणि बराच रस्ता कच्चा आहे. आधी ४,००० मीटर उंचीच्या खिंडीवर चढायचे, मग वळणे घेत २,७८० मीटरवर उतरायचे. सुमारे तीन तास. गाव कड्याला चिकटलेले, गल्ल्या दगडी आणि उभ्या, पिवळे चर्च १७५३ चे. तिथून नदीच्या पात्राने पायी गेले की सान इसिद्रो नावाची वाडी लागते.

या प्रांताची एक आठवण आपल्याला जवळची वाटेल. १८१२ च्या ऑगस्टमध्ये स्पेनचे सैन्य चालून येत असताना सेनापती मानुएल बेल्ग्रानो यांनी हुहुईच्या सगळ्या लोकांना गाव सोडण्याचा हुकूम दिला. जे नेता आले नाही ते लोकांनी जाळले आणि गुरेढोरे घेऊन दक्षिणेला निघाले. या घटनेला तिथे 'एक्सोदो' म्हणतात. मिसरमधून आपण बाहेर पडलो त्या तोरातल्या पुस्तकाचे स्पॅनिशमधले नाव तेच आहे. दर वर्षी ऑगस्टमध्ये ते दिवस पाळले जातात.

गावाची रचना आणि गावाचा दिवस

एकटा परका माणूस या गावांत हरवत नाही, याला एक जुने कारण आहे. १५७३ मध्ये स्पेनचा राजा दुसरा फेलिपे याने नव्या वसाहती कशा आखाव्यात याचे नियम काढले. मध्ये चौक, त्याला प्लासा म्हणतात. चौकाच्या कडेला चर्च आणि कचेरी. चौकापासून सरळ रस्ते निघतात आणि काटकोनात एकमेकांना छेदतात. ही पद्धत स्पॅनिश अमेरिकेत इतकी रुजली की एक गाव समजले की बाकीची अर्धी समजतात. बसमधून उतरायचे, "प्लासा?" एवढा एक शब्द विचारायचा आणि बोट दाखवतील तिकडे चालायचे.

दिवसाचा क्रमही ठरलेला. सकाळी बाजार, भाज्या, ताजे पाव. दुपारी एकच्या सुमारास दुकाने बंद होतात आणि गाव झोपते. याला सिएस्ता म्हणतात. आपली वामकुक्षीच ती, फक्त चार-पाच वाजेपर्यंत चालते. इस्राएलमध्ये आल्यावर आपली दुपारची झोप गेली, तिथे अजून टिकून आहे. संध्याकाळी दुकाने पुन्हा उघडतात, लोक चौकातल्या बाकांवर येऊन बसतात. रात्रीचे जेवण नऊ-दहाला. म्हणून तिथून रात्री अकराला संदेश आला, "आत्ताच जेवले," तर काळजी करू नये. सारे गावच तेव्हा जेवते.

वाटेत भेटणाऱ्याला 'ब्वेन दिया' म्हणायची रीत आहे. ओळख असो नसो. शहरातून आलेली मुले मान खाली घालून जातात आणि गावकऱ्यांना ती उद्धट वाटतात. निघण्यापूर्वी दहा शब्द जरी पाठ केले, तरी पुष्कळ दारे उघडतात.

बस आणि बिऱ्हाड

तिथे लांबचा प्रवास मुख्यतः बसने होतो. मोठ्या शहरातल्या बस-स्थानकाला तेर्मिनाल म्हणतात. तिकीट काढताना पासपोर्टचा क्रमांक द्यावा लागतो, आसन ठरलेले असते. आसनांचे प्रकार आहेत : 'सेमिकामा' थोडे मागे कलते, 'कामा' जवळजवळ पलंगासारखे. रात्रभराच्या प्रवासाला कामा घ्यावे, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. मोठी पिशवी बसच्या पोटात जाते. हमाल तिला बिल्ला लावून दुसरा तुकडा हातात देतो, आणि त्याला थोडी बक्षिसी द्यायची असते. पासपोर्ट, पैसे आणि औषधे त्या मोठ्या पिशवीत कधीही ठेवू नयेत. ती लहान पिशवीत, अंगाजवळ.

गावात उतरण्याच्या जागेला 'ओस्पेदाहे' म्हणतात. बहुधा एखादे कुटुंब आपल्याच घराच्या चार खोल्या भाड्याने देते, स्वयंपाकघर वापरू देते. एकट्याने जाणाऱ्याला हेच उत्तम. घरमालकिणीला सकाळी सांगून जायचे : अमुक वाटेने जाते, अमुक वेळेला परत येते. आली नाही तर ती विचारपूस करते. मोठ्या हॉटेलात ही सोय नाही.

भीती कशाची धरावी

वडीलधाऱ्यांना बहुधा चोर-दरोडेखोरांची भीती वाटते. बुएनोस आइरेस आणि इतर मोठ्या शहरांत खिसेकापू आणि फोन हिसकावणारे आहेत, तिथे सावध राहावेच. डोंगरातल्या लहान गावांत मात्र खरे धोके वेगळे आहेत.

पहिला, उंची. येरुशलायिम समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, आपले महाबळेश्वर सुमारे १,३५०. तिल्कारा सुमारे २,४५० मीटर आणि उमावाका ३,००० च्या जवळपास. पुर्मामार्काहून मिठाच्या मैदानाकडे जाणारा रस्ता ४,१७० मीटरवर चढतो. उंचावर हवा विरळ होते, श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो. साधारण २,५०० मीटरच्या वर काहींचे डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही, दम लागतो. तरुण आणि बळकट माणसालाही हे होते, उलट तो अंगातल्या जोरावर भरभर चढतो म्हणून त्याला जास्त होते. उपाय साधा : हळूहळू चढणे. आधी साल्ता किंवा हुहुईत दोन रात्री, मग तिल्कारात दोन, मग पुढे. पाणी भरपूर, दारू नाही, पहिल्या दिवशी डोंगर नाही. डोकेदुखी वाढत गेली, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी दम लागला तर वाट न पाहता खाली उतरायचे. खाली उतरणे हेच खरे औषध.

या भागात लोक कोका नावाच्या झाडाची पाने गालात धरतात किंवा त्यांचा चहा करतात. तिथे कायद्याने त्याला मुभा आहे. पण तीच पाने पिशवीत घालून दुसऱ्या देशात नेली तर मोठा गुन्हा होऊ शकतो. हे नातवंडांना निघण्यापूर्वी स्पष्ट सांगावे.

दुसरा धोका, पाऊस. तिथले ऋतू आपल्या उलट. डिसेंबर ते मार्च उन्हाळा आणि तोच या डोंगरांतला पावसाळा. डोंगरावरून चिखल आणि दगडांचे लोंढे येतात, रस्ते बंद होतात. स्थानिक लोक त्या लोंढ्याला 'वोल्कान' म्हणतात आणि घळीच्या तोंडाशी त्याच नावाचे गाव आहे. तिथे ज्वालामुखी मुळीच नाही. २०१७ च्या जानेवारीत अशाच लोंढ्याने ते गाव झोडपले. म्हणून एप्रिल ते नोव्हेंबर हा काळ बरा. जून-जुलैत रात्री कडाक्याची थंडी पडते, लोकरीचे कपडे हवेत.

तिसरा, एक किडा. जुन्या मातीच्या घरांच्या भेगांत 'विंचूका' नावाचा रक्त पिणारा किडा राहतो आणि त्यातून शागास नावाचा हृदयाला धरणारा रोग होऊ शकतो. भिंती गिलावा केलेल्या, स्वच्छ खोलीतच झोपावे.

चौथा, डोंगरातली पायवाट. प्रवास एकट्याने करावा, डोंगर एकट्याने चढू नये. ओस्पेदाहेत दुसरे प्रवासी भेटतात, त्यांच्याबरोबर किंवा गावातला वाटाड्या घेऊन जावे.

नातींसाठी थोडे अधिक. अंधार पडल्यावर नव्या गावात पोहोचायचे नाही, त्यासाठी सकाळची बस. पहिल्या रात्रीची खोली आधी ठरवलेली असावी आणि आतून कडी लागणारी असावी. अनोळखी गाडीला हात दाखवायचा नाही. 'रेमीस' म्हणजे परवाना असलेली भाड्याची मोटार, ती घरमालकिणीकडून बोलावून घ्यावी. मन कचरले तर तिथून उठून जायचे, वाईट दिसेल म्हणून बसून राहायचे नाही.

जेवण आणि शब्बाथ

अर्जेंटिना मांस खाणारा देश आहे आणि लहान गावात कोशर मांस मिळणार नाही हे धरून चालावे. वायव्येला लामाचे मांस खातात. लामा हा उंटाच्या कुळातला, तेव्हा आपल्याला तो चालत नाही. लोक्रो नावाच्या घट्ट सूपात बहुधा डुकराचे मांस असते. एम्पानादाच्या, म्हणजे तिथल्या करंजीच्या, पारीत गुराची चरबी घालतात, आणि कित्येक पावांतही. 'ग्रासा' म्हणजे चरबी, 'असेइते' म्हणजे तेल, हे दोन शब्द कोशर पाळणाऱ्याने पाठच करावेत.

पण उपाशी राहण्याची वेळ येत नाही. हा बटाट्याचा आणि मक्याचा मुलूख आहे. नाना रंगांचे बटाटे, किन्वा, अंडी, फळे, भाज्या, तांदूळ आणि मसूर सगळीकडे मिळतात. आपले एक पातेले जवळ ठेवले की खिचडी होते. आजीने हळद, जिरे आणि आपला मसाला बंद, छापील पाकिटातला दिला तर पिशवीत त्याचे वजन फार नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याची किंमत कळते.

शब्बाथचे गणित आधी करावे लागते. बस उशिरा येते, रस्ता बंद होतो, म्हणून शुक्रवारच्या दुपारची बस घ्यायचीच नाही. गुरुवारी गावात पोहोचावे, शुक्रवारी सकाळी बाजार करावा. किद्दूशसाठी कोशर द्राक्षारस मिळाला नाही तर आपल्या पूर्वजांची रीत आहेच. कोकणात वाइन कुठे मिळत होती? काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्याचे शरबत करत आणि त्यावर किद्दूश म्हणत. तिथे मनुकांना 'पासास दे उवा' म्हणतात आणि किराणा दुकानात त्या मिळतात. ही कृती नातवंडांना हिब्रूत लिहून द्या. कोणत्याही प्रवासाच्या पुस्तकात ती सापडणार नाही.

ज्या गावात दुसरा यहुदी नाही तिथे शनिवार पाळणे आपल्या समाजाला नवे नाही. गावोगावी एक-दोन घरे, भोवती सगळे दुसऱ्या धर्माचे, तरी तेलाचा घाणा शनिवारी बंद. लोकांनी नावच ठेवले, शनवार तेली. शेजाऱ्यांशी गोडी राखून आपले ते सांभाळायचे, ही आपली जुनी विद्या आहे. तिथल्या लोकांच्या श्रद्धेच्या बाबतीतही तेच. १ ऑगस्टला तिथे जमिनीत खड्डा करून धरणीमातेला, पाचामामाला, अन्न आणि पेय अर्पण करतात. आपण त्यात भाग घेऊ नये, पण हसूही नये. थोडे बाजूला, आदराने उभे राहावे.

फोन कधी येणार

तिथली वेळ आपल्या मागे आहे, आपल्या हिवाळ्यात पाच तास आणि उन्हाळ्यात सहा. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे आठ, तेव्हा तिथे दुपारचे दोन.

यातून एक गोष्ट निघते आणि तिच्यामुळे घरात उगाच रडारड होते. आपल्याकडे शब्बाथ बाहेर पडला की आपण लगेच फोन हातात घेतो. पण तेव्हा तिथे अजून शनिवारची दुपार असते. तिथला शब्बाथ संपतो तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेलेली असते. शब्बाथ पाळणाऱ्या नातवाने शनिवारी रात्री उत्तर दिले नाही तर तो सुखरूप आहे आणि शब्बाथ पाळतो आहे, एवढाच अर्थ. रविवारी दुपारी फोन करावा.

शिवाय डोंगराआड गेले की रेंज जाते, इरूयासारख्या गावी तर विशेष. म्हणून रोज बोलण्याचे वचन घेऊ नये. ते मोडते, आणि मोडले की दोघांनाही त्रास. त्याऐवजी असा करार करावा : नव्या गावात पोहोचल्यावर गावाचे आणि ओस्पेदाहेचे नाव, आणि निघताना पुढच्या गावाचे नाव. रेंज नसलेल्या जागी जाणार असेल तर किती दिवस, ते आधी. ठरलेल्या दिवसानंतर आणखी दोन दिवस गेले आणि काही कळले नाही, तर आधी ओस्पेदाहेला फोन, मग विमा कंपनीला, मग परराष्ट्र खात्याला. हा क्रम कागदावर लिहून फ्रिजवर लावा. क्रम ठरलेला असला की झोप लागते.

पिशवी घराबाहेर पडण्यापूर्वी

वडीलधाऱ्यांनी "जाऊ नकोस" म्हटले तरी मूल जाते, फक्त पुढचे सांगत नाही. त्यापेक्षा हे विचारावे. विम्यात डोंगर चढणे आणि शोधून सोडवून आणणे धरले आहे का? साध्या विम्यात ते पुष्कळदा नसते. पासपोर्टची आणि विम्याची प्रत घरी ठेवली का? इस्राएली पासपोर्टवर नव्वद दिवसांपर्यंत पर्यटक म्हणून व्हिसा लागत नाही, पण परतीची तारीख काय? रोख पैसे किती, आणि ते दोन ठिकाणी ठेवले आहेत का? लहान गावातले पैशांचे यंत्र रिकामे असू शकते, आणि तिथे भाव इतके भरभर बदलतात की मागच्या वर्षी जाऊन आलेल्याच्या आकड्यांवर विसंबू नये. नेहमीची औषधे सबंध प्रवासाला पुरतील का? रुग्णवाहिकेचा तिथला क्रमांक १०७, तो फोनमध्ये घातला का?

एवढे विचारून झाले की आपले काम आशीर्वाद देण्याचे. तेफिलात हादेरेखचा लहान कागद पिशवीच्या कप्प्यात घालावा. ज्यांच्या घरी रीत आहे त्यांनी एलियाहू हन्नाबीचा मलिदा करून मुलाला निरोप द्यावा, आणि तो परत आल्यावर पुन्हा करावा.

आपल्यापैकी बहुतेक जण ऐन तरुणपणी एका ट्रंकेनिशी या देशात आलो. भाषा येत नव्हती, कुठल्या गावी पाठवतील ठाऊक नव्हते, आणि मागे राहिलेल्या आईबापांना पत्र पोहोचायला आठवडे लागत होते. त्यांनीही रात्री जागून काढल्या असतील. नातवंडे परतीचे तिकीट घेऊन जातात, हा मोठाच फरक.

ती परत आली की पहिल्या आठवड्यात "लग्न कधी, शिक्षण कधी" हे विचारू नका. चहा ठेवा, फोटो दाखवायला सांगा, आणि गावांची नावे एकदा म्हणून घ्या : पुर्मामार्का, तिल्कारा, उमावाका, इरूया. आजीला नावे येतात असे पाहिले की मूल पुढचे सांगू लागते. जे लष्कराबद्दल आजवर बोलले नाही, तेही कधीकधी त्यातच निघते. तेव्हा मध्ये न बोलता ऐकावे.